अलीच्या लढती १४-१७ वयाच्या मुलांना दाखवायच्या तर कोणत्या आणि कशा? (नाशिक)

सिडको_बेल यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. सिडकोतल्या एका हॉलमध्ये बॉक्सिंगची बॅच चालते. २२ मुलं-मुली, वय १४ ते १७. सात-आठ जण तालमीतून आलेले आहेत, दोघं डावखुरी. १७ जानेवारी हा मुहम्मद अलीचा जन्मदिवस. त्या निमित्ताने तीन रविवार सकाळी ७ ला प्रोजेक्टरवर त्याच्या लढती दाखवायच्या आणि लगेच सराव घ्यायचा असं ठरतंय. ४० मिनिटं बघणं, ५० मिनिटं सराव. भिंतीवर त्याच्या आयुष्याचे दहा-बारा फलकही लावणार.

मुलं मोबाईलवर वीस-वीस सेकंदांच्या क्लिपा बघून येतात आणि हात कमरेपाशी सोडून, मान मागे टाकून नाचायला लागतात. समोरच्याने एक हूक मारला की खेळ खलास. म्हणून विचारतो: कोणत्या लढती आणि त्यातले कोणते राउंड दाखवावेत? त्याचं काय उचलायचं आणि कशाला हात लावायचा नाही? फलकांवर लोक हमखास काय चुकवतात? आणि शेवटची वर्षं, आजार, हे या वयाला दाखवावं की नाही?

"अली महान होता" एवढंच सांगणारी उत्तरं नकोत, ते मुलांना आधीच माहीत आहे.

---

जुना_कोपरा

सर, आधी एक हिशेब. १५ राउंडची लढत म्हणजे ४५ मिनिटांची मारामारी आणि १४ मिनिटांची विश्रांती. एक अख्खी लढत लावली तर तुमचा वेळ तिथेच संपतो आणि चौथ्या राउंडनंतर पोरं पेंगतात. निवडक राउंड दाखवा आणि समालोचनाचा आवाज पूर्ण बंद ठेवा. समालोचक चेहऱ्यांबद्दल बोलतो, तुम्हाला पाय दाखवायचे आहेत.

सुरुवात १९६० च्या रोम ऑलिम्पिकच्या अंतिम लढतीने करा. लाइट हेवीवेट गट, समोर पोलंडचा पिएत्झिकोव्स्की. तो डावखुरा होता आणि लढत तीन राउंडची, म्हणजे तुमची मुलं जो खेळ खेळतात तोच. पहिल्या राउंडला अठरा वर्षांचा क्ले (अलीचं तेव्हाचं नाव) गोंधळलेला दिसतो, कारण डावखुऱ्याचा कोन त्याला सापडत नाही. तिसऱ्यात तो नाच कमी करून सरळ उजवे ठोसे टाकायला लागतो आणि लढत फिरते. व्यावसायिक लढतींपेक्षा तुमच्या बॅचला याच नऊ मिनिटांचा उपयोग जास्त आहे, आणि ही लढत कुणीच दाखवत नाही!

त्यानंतर सनी लिस्टन, २५ फेब्रुवारी १९६४, मायामी बीच. राउंड १, ५ आणि ६. पहिला राउंड दोनदा लावा. पहिल्यांदा पडद्याचा वरचा अर्धा भाग चादरीने झाकून फक्त पाय दाखवा, दुसऱ्यांदा पूर्ण. चौथ्या राउंडअखेर अलीच्या डोळ्यांत काहीतरी जाऊन आग व्हायला लागली. तो हातमोजे कापा म्हणत होता. त्याचा कोच अँजेलो डंडीने डोळे धुतले आणि त्याला जवळजवळ ढकलूनच पाचव्या राउंडला उभं केलं. दिसत नसताना माणूस काय करतो ते बघा: डावा हात लांब करून लिस्टनच्या कपाळापाशी धरायचा, अंतर हातानेच मोजायचं आणि गोल फिरत राहायचं. सातव्याला लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही.

तिसरी क्लीव्हलंड विल्यम्स, १४ नोव्हेंबर १९६६, ह्यूस्टन. तिसऱ्या राउंडला संपली, म्हणून अख्खी दाखवता येते. त्याची वेगाची शैली सर्वांत स्वच्छ याच लढतीत दिसते. अली शफल, म्हणजे पाय झपाट्याने मागे-पुढे करण्याची त्याची चाल, तीही यातच आहे. तो दाखवून लगेच सांगा की त्याला गुण नसतात, आणि पाय समांतर येतात त्या क्षणी साध्या धक्क्यानेही माणूस पडतो.

आता हात खाली ठेवण्याबद्दल. त्याची उंची ६ फूट ३ इंच, हातांचा पल्ला ७८ इंच. खाली असलेला हात संरक्षणासाठी नव्हताच. संरक्षण अंतराचं होतं आणि ते अंतर पाय राखत होते. मान मागे नेऊन चुकवणं चालतं ते फक्त सरळ ठोशाला, तेही समोरच्याचा हात पूर्ण लांब होऊन संपला असेल तर. हूक बाजूने वळून येतो. मागे गेलेली हनुवटी त्याला उघडीच सापडते, आणि वजन टाचांवर गेल्यामुळे पायही हलत नाहीत. खुद्द अलीला असंच पाडलं: १८ जून १९६३ ला लंडनमध्ये हेन्री कूपरने चौथ्या राउंडच्या शेवटी, आणि ८ मार्च १९७१ ला जो फ्रेझियरने पंधराव्यात. दोन्ही वेळा डावा हूक. हे दोन प्रसंग सलग दाखवा, मुलांना वेगळं सांगावं लागणार नाही. तुमचा ५० किलोचा मुलगा त्याच उंचीच्या मुलाशी खेळतो. त्याच्याकडे ना तो पल्ला, ना ते पाय.

उचलायचं ते असं.

खडूने दोन मीटर व्यासाचं वर्तुळ काढा. मध्ये जोडीदार पॅड धरून, मुलगा परिघावर. डावीकडे जाताना डावा पाय आधी, उजवीकडे जाताना उजवा. पाय एकमेकांना ओलांडायचे नाहीत आणि खांद्यांच्या रुंदीपेक्षा जवळ आणायचे नाहीत. दर तिसऱ्या पावलाला जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा). २ मिनिटांचे चार राउंड, मध्ये १ मिनिट. बहुतेक मुलं दुसऱ्या राउंडला उड्या मारायला लागतात. उडी नको. तळवा जमिनीपासून जेमतेम सुटला पाहिजे, कारण हवेत असलेला माणूस दिशा बदलू शकत नाही.

मान मागे नेण्याची सवय मोडायला दोन खांबांमध्ये खांद्याच्या उंचीवर चार मीटर सुतळी बांधा. गुडघ्यात वाकून सुतळीखालून डावी-उजवीकडे जायचं, नजर समोर. पाठीतून वाकलं की नजर जमिनीकडे जाते. तालमीतल्या मुलांना इथे खास बघा. कुस्तीच्या पवित्र्यामुळे ती कमरेतून पुढे झुकतात, डोकं पुढच्या गुडघ्याच्याही पुढे जातं. मुष्टियुद्धात ते डोकं म्हणजे अपरकटला (खालून वर येणाऱ्या ठोशाला) आयतं आमंत्रण. पॅड त्यांच्या छातीच्या खाली धरून वर आणत राहा, चार दिवसांत ताठ होतात. अलीचं ताठ उभं राहणं त्यांच्यासाठी मात्र उत्तम नमुना आहे.

जॅब गेला त्याच रेषेत परत. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये टेनिसचा चेंडू धरायला लावा, पडला की राउंड पुन्हा.

---

वही_आणि_तारखा

फलकांचं मी घेतो. वरच्या उत्तरातली गंमत म्हणजे त्यांनी रोममध्ये "क्ले" लिहिलं आणि लिस्टनला "अली". तिथेच पहिली चूक होते. जन्म १७ जानेवारी १९४२, लुईव्हिल, केंटकी, नाव कॅशियस मार्सेलस क्ले ज्युनियर. लिस्टनशी तो क्ले म्हणूनच लढला. मुहम्मद अली हे नाव नेशन ऑफ इस्लामचे प्रमुख एलिजा मुहम्मद यांनी ६ मार्च १९६४ ला जाहीर केलं. त्याआधीच्या फलकांवर क्ले, नंतर अली, एवढं पाळा.

सुरुवातीची सायकल खरी आहे. बारा वर्षांचा असताना सायकल चोरीला गेली, तक्रार घ्यायला भेटलेला पोलीस जो मार्टिन मुष्टियुद्ध शिकवायचा, आणि चोराला बडवायचं तर आधी शिकून घे, असं त्याने सुचवलं. सुवर्णपदक ओहायो नदीत फेकल्याची गोष्ट मात्र फलकावर नको. आत्मचरित्रात ती आहे, पण ती खरी की रचलेली याबद्दल पुढे बरीच शंका घेतली गेली. १९९६ ला अटलांटा ऑलिम्पिकच्या वेळी त्याला बदली पदक दिलं गेलं, एवढं लिहा.

सर्वांत मोठा घोळ व्हिएतनाम युद्धाच्या वेळच्या सैन्यभरतीच्या प्रकरणात होतो. क्रम असा: २८ एप्रिल १९६७ ला ह्यूस्टनमध्ये त्याने भरतीला नकार दिला. न्यूयॉर्कच्या मुष्टियुद्ध आयोगाने त्याच दिवशी परवाना निलंबित केला आणि किताबही गेला. खटला उभा राहण्याच्या आधीच! २० जूनला दोषी ठरला: ५ वर्षं कैद, १०,००० डॉलर दंड. पण अपील चालू असताना जामिनावर होता, त्यामुळे या शिक्षेपायी तो तुरुंगात गेला नाही. "पाच वर्षं तुरुंगात होता" असं बिनधास्त लिहिलेलं दिसतं, ते साफ चूक.

दुसरा गैरसमज, सर्वोच्च न्यायालयाने सोडल्यावर तो रिंगणात परतला. उलट आहे. २६ ऑक्टोबर १९७० ला अटलांटात जेरी क्वारीशी तो लढला, कारण जॉर्जिया राज्यात परवाना अडवायला राज्याचा मुष्टियुद्ध आयोगच नव्हता. फ्रेझियरशी पहिली लढत मार्च १९७१ ला झाली आणि शिक्षा रद्द झाली २८ जून १९७१ ला, ८ विरुद्ध ०. थर्गुड मार्शल यांनी त्या सुनावणीत भाग घेतला नव्हता, म्हणून नऊ ऐवजी आठ. मार्च १९६७ ते ऑक्टोबर १९७० अशी साडेतीन वर्षं गेली, वय २५ ते २८. जड गटातल्या खेळाडूची पायांची वर्षं तीच. पुढचा सगळा अली या खड्ड्याच्या पलीकडचा आहे, म्हणून एक अख्खा फलक त्याला द्या.

बाकी आकडे: व्यावसायिक ६१ लढती, ५६ जिंकल्या (३७ नॉकआउट), ५ हरल्या. जगज्जेतेपद तीनदा: १९६४ लिस्टन, १९७४ फोरमन, १९७८ स्पिंक्स. निधन ३ जून २०१६, ॲरिझोना. "फुलपाखरासारखा तरंग, मधमाशीसारखा डंख मार" हे वाक्य त्याच्या तोंडी गाजलं, रचलं त्याचा साथीदार ड्रू बंडिनी ब्राऊनने.

आणि एक फलक अडचणीचा ठेवा, नाहीतर हे सगळं आरतीचं ताट होईल. बंदीच्या काळात फ्रेझियरने त्याची बाजू घेतली होती. त्याच फ्रेझियरला अलीने पुढे गोऱ्यांचा चाकर म्हटलं, १९७५ च्या मनिलाच्या लढतीआधी गोरिला म्हटलं, खेळण्यातला गोरिला घेऊन पत्रकारांपुढे नाचला. तिकिटं खपली. फ्रेझियरने ते पुढे कितीतरी वर्षं मनातून काढलं नाही. ६ फेब्रुवारी १९६७ ची एर्नी टेरेलची लढतही तशीच. टेरेल त्याला क्ले म्हणत राहिला, तर अलीने १५ राउंड ठोसे आणि "माझं नाव काय?" हा प्रश्न आळीपाळीने चालू ठेवला. नावाचा आग्रह योग्यच होता. ती लढत तशी लांबवत नेणं क्रूर होतं. सोळा वर्षांच्या मुलांना हा फरक कळतो.

---

सिडको_बेल

दोघांचेही आभार, फलकांचा मजकूर जवळजवळ झालाच म्हणायचा. आता किन्शासाबद्दल, म्हणजे १९७४ च्या फोरमनशी झालेल्या लढतीबद्दल. दोरांना टेकून मार खायचा आणि समोरचा दमला की उडवायचा, हे मुलांच्या डोक्यात फार पक्कं बसलंय. दोघं तर स्पारिंगमध्ये (जोडीदाराशी सरावाच्या लढतीत) मुद्दाम दोरांवर जातात. काय सांगायचं?

---

तिसरा_पंच

सर, सरळ नियमावरून सुरुवात करा. हौशी मुष्टियुद्धात दोन्ही हातांनी तोंड झाकून नुसतं निष्क्रिय उभं राहणं हा फाउल आहे. दोरांचा गैरफायदा घेणं फाउल आहे. प्रतिस्पर्ध्याचं डोकं धरून खाली दाबणं फाउल आहे. किन्शासाच्या लढतीतून या तीन गोष्टी काढल्या तर फारसं काही उरत नाही. रेफ्री आधी समज देईल, मग वॉर्निंग, म्हणजे प्रत्येक जजकडून एक गुण कमी. तिसऱ्या वॉर्निंगला बाद.

गुणांचंही बघा. १० गुणांची पद्धत आहे, प्रत्येक राउंड पाच जज स्वतंत्र देतात. आधी बघतात ते योग्य जागी लागलेले दर्जेदार ठोसे, मग तंत्र आणि डावपेचातलं वर्चस्व, मग लढाऊपणा. दोरांवर उभा मुलगा तिन्हींत मागे. ज्युनियर गटात २ मिनिटांचे तीनच राउंड. दोन राउंड देऊन टाकले तर तिसऱ्यात नॉकआउटशिवाय रस्ता नाही, आणि जाड हातमोजे, हेडगार्ड, हादरलेल्या खेळाडूसाठी रेफ्रीची आठपर्यंतची मोजणी यांमुळे त्या वयात नॉकआउट क्वचितच होतो. फोरमनला दमायला आठ राउंड लागले. तुमच्याकडे सहा मिनिटं आहेत!

तरी लढत दाखवाच, पण पहिल्या राउंडपासून. ३० ऑक्टोबर १९७४, पहाटे चारच्या सुमाराची लढत, अमेरिकेतल्या प्रक्षेपणाच्या सोयीने. मुळात ती सप्टेंबरात होती, सरावात फोरमनच्या डोळ्यावर जखम झाली म्हणून पुढे ढकलली. फोरमन २५ वर्षांचा, ४० पैकी ४० जिंकलेल्या, त्यातल्या ३७ नॉकआउट. अली ३२ चा. राउंड १ मध्ये तो दोरांवर नाही, तो जॅबही न टाकता थेट उजवा ठोसा टाकतोय. मागच्या हाताला अंतर जास्त कापावं लागतं, म्हणून कुणी असं सुरू करत नाही आणि म्हणूनच फोरमन चकला. पण फोरमन पडला नाही, उलट रिंगण छोटं करत आला. पाय वाचवायचे तर दुसरा मार्ग लागणार, हे अलीने दुसऱ्या राउंडला ओळखलं. आधीपासून आखलेली युक्ती म्हणून सांगतात, पण पडद्यावर दिसतो तो ऐनवेळचा निर्णय.

राउंड ५ मध्ये बारकाईने बघा. तो दोरांवर पडून मागे झुकलाय, डोकं रिंगणाच्या रेषेबाहेर, कोपर बरगड्यांवर, मोजे गालांवर. फोरमनचे हुक दंडांवर आणि कोपरांवर संपतात. मोकळं झालं की अली सरळ ठोसा टाकतो, मग मान धरून वजन टाकतो. त्या मान दाबण्यानेच फोरमनची अर्धी ताकद गेली आणि रेफ्रीने ते चालू दिलं. तुमच्या तालमीतल्या पोरांना हा भाग फार आवडेल, त्यामुळे आधीच ताकीद द्या. दोर ढिले होते का, यावर वाद आहे. डंडीने मुद्दाम ढिले केले असा आरोप झाला, तो म्हणायचा की मी उलट घट्ट करायला गेलो होतो. आठव्याच्या शेवटी, काही सेकंद उरले असताना, दोरांवरून फिरून बाहेर येत सलग ठोसे, शेवटचा उजवा. फोरमन वळत खाली गेला.

सरावात यातलं एकच घ्या: दोरांवर सापडलं तर बाहेर कसं यायचं. पाठ दोराला, जोडीदार पॅडने दाबतोय. कोपर आत, पुढचा पाय बाहेरच्या बाजूला टाकून पिव्होट (त्याच पायावर वळणं), मोकळा झाल्याझाल्या जॅब. प्रत्येक बाजूला दहा-दहा वेळा. दोरांवर ३ सेकंदांपेक्षा जास्त राहिला की शिटी.

---

मनमाड_पॅसेंजर

प्रश्न साधा आहे. अलीच का? विजेंदरचं २००८ चं कांस्य, मेरी कोम, लव्हलिना, निखत. आपली उदाहरणं कमी आहेत का? मेरी कोमची सहा जागतिक सुवर्णपदकं आहेत, लंडनचं कांस्य आहे. मुलींना एका अमेरिकन हेवीवेटचं काय?

---

जुना_कोपरा

भाऊ, मुद्दा बरोबर आहे, आणि तंत्राच्या दृष्टीनेही. मेरी कोम डावखुरी, लहान चणीची, आत शिरून मारून कोनात बाहेर पडणारी. ४८-५१ किलोच्या मुलीला अलीपेक्षा ती जास्त शिकवेल. तिसऱ्या रविवारी तिचा एक राउंड लावावाच. डावखुऱ्या दोघांना रोमच्या फायनलसोबत कार्ल मिल्डनबर्गरही दाखवा, १० सप्टेंबर १९६६, फ्रँकफर्ट. ऐन भरातला अली डावखुऱ्यासमोर बाराव्या राउंडपर्यंत अडकून पडला. सरावात डावा-उजवा जोडी लावून एकच नियम: पुढचा पाय समोरच्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर. दोघांनाही तेच हवं असल्याने पाय पायावर पडतो. पहिल्या आठवड्यात हातमोजे न घालता नुसता पायांचाच खेळ घ्या.

आणि अली अगदीच परका नाही. जानेवारी १९८० ला तो भारतात आला होता. दिल्लीत पंजाबच्या कौर सिंग यांच्याशी चार राउंडचा प्रदर्शनी सामना खेळला. कौर सिंग यांनी १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये हेवीवेटचं सुवर्ण घेतलं. एक फलक त्यांचा हवाच, बहुतेक मुलांनी नावही ऐकलेलं नसतं.

---

रिंगसाइड_बॅग

शेवटच्या वर्षांचं अजून कुणी लिहिलं नाही. ताबडतोब सांगते: दाखवा, पण मार दाखवू नका, निर्णय दाखवा.

किन्शासाने त्याला किताब परत दिला आणि एक वाईट सवय पक्की केली. पाय पूर्वीसारखे राहिले नव्हते, तेव्हा ठोसा चुकवण्याऐवजी सोसायला तो शिकला आणि सोसून जिंकता येतं हे सिद्धही झालं. त्यानंतर तो सरावातही दोरांवर उभा राहून साथीदारांकडून मारून घ्यायचा. लढतींचे राउंड मोजता येतात, सरावातले कुणी मोजत नाही. नुकसान दोन्हीकडे सारखंच होतं, कारण डोक्याला ठोसा लढतीत लागला की सरावात, याने फरक पडत नाही. मुलांसाठी याचा थेट अर्थ आहे: स्पारिंग म्हणजे मारामारी नव्हे.

मनिला, १ ऑक्टोबर १९७५, सकाळची लढत, भयंकर उकाडा. राउंड १३ आणि १४ पुरेत. तेराव्यात फ्रेझियरचं माउथगार्ड उडून जातं. चौदाव्यानंतर त्याचा कोच एडी फच त्याला पंधराव्याला उठू देत नाही. एकच राउंड उरलेला, गुणांचा काय तो हिशेब व्हायचा, खेळाडू भांडतोय, तरी लढत थांबवतो. या माणसावर स्वतंत्र फलक करा. अलीच्या शैलीतली भोकं त्यानेच शोधली. अली उजवा अपरकट टाकताना हात आधी खाली नेतो, त्या क्षणी डावा हूक टाक, हे त्याने फ्रेझियरच्या गोटाला दाखवलं. अली समोरचा जॅब उजव्या तळव्याने पकडतो, म्हणून तो जॅब टाकेल तेव्हाच तूही टाक, हे केन नॉर्टनला. ३१ मार्च १९७३ ला नॉर्टनने त्याचा जबडा मोडला आणि लढत जिंकली. असा डोळा असलेला माणूस थांबवायचं कधी हेही जाणत होता, हे माझ्या मते त्याचं मोठेपण.

आता दुसरा कोपरा बघा. सप्टेंबर १९७७ ला अर्नी शेव्हर्सशी १५ राउंड झाल्यावर डॉक्टर फर्डी पाचेको यांनी मूत्रपिंडं बिघडत असल्याचा अहवाल अलीला आणि त्याच्या भोवतीच्यांना पाठवला. कुणी उत्तर दिलं नाही, ते बाहेर पडले. २ ऑक्टोबर १९८० ला ३८ व्या वर्षी लॅरी होम्ससमोर तो उभा राहिला तेव्हा थायरॉइडची औषधं घेऊन वजन उतरवलेलं होतं. दिसायला १९७४ सारखा, अंगात पाणीच नाही. दहा राउंड एकतर्फी, मग डंडीने थांबवलं. तरी ११ डिसेंबर १९८१ ला बहामात ट्रेव्हर बर्बिकशी आणखी एक झाली, तीही हरला. १९८४ ला पार्किन्सनचं निदान, वय ४२. ठोशांमुळेच झाला असं फलकावर ठाम लिहू नका, एका माणसाबाबत तसं सिद्ध करता येत नाही. डोक्याला वारंवार मार बसला की मेंदूला इजा होते, एवढं निर्विवाद आहे.

होम्सची लढत एक मिनिटाच्या वर लावू नका. त्यापेक्षा १९ जुलै १९९६ ला अटलांटा ऑलिम्पिकमध्ये त्याने मशाल हातात घेतली तो प्रसंग पूर्ण दाखवा, हात थरथरतोय ते झाकू नका.

हॉलसाठी नियम. या वयाला मोकळं स्पारिंग आठवड्यातून एकदाच, तीन राउंड, ठरलेल्या विषयावर (फक्त जॅब, फक्त दोरांतून बाहेर येणं). डोक्यावर जोरात ठोसा बसून डोकं दुखणं, मळमळ, गोंधळ, डोळ्यांपुढे अंधारी यातलं काहीही झालं तर त्या दिवशी सराव बंद, पालकांना फोन, डॉक्टर. "पाणी मार, ठीक होईल" चालणार नाही. डोक्याच्या माराने मोजणीत बाद झाला किंवा रेफ्रीने थांबवलं तर किमान ३० दिवस स्पारिंग नाही, तीन महिन्यांत दुसऱ्यांदा झालं तर ३ महिने. हेडगार्डने कपाळ फुटणं वाचतं, मेंदूचं हलणं वाचत नाही, हे पालकांनाही सांगा. तारखा एका वहीत लिहून ठेवा. मुलं लपवतात, विशेषतः जिल्हा निवड जवळ आली की.

---

वही_आणि_तारखा

ताईंनी लिहिलं त्याला जोडून एक फलक सुचवतो. २००० साली अमेरिकेत अलीच्या नावाने मुष्टियुद्ध सुधारणा कायदा झाला. प्रवर्तकाने (लढत भरवणाऱ्याने) लढतीतली स्वतःची कमाई खेळाडूला उघड करायची, आणि प्रवर्तक व व्यवस्थापक एकच माणूस असायचा नाही, हा त्याचा गाभा. पुतळ्यांपेक्षा हा वारसा मला जास्त कामाचा वाटतो. १९९० ला बगदादला जाऊन त्याने १५ अमेरिकन ओलिसांना सोडवून आणलं तेही घ्या, दोन ओळींत.

---

सिडको_बेल

ठरलं. पहिला रविवार रोम, लिस्टन, विल्यम्स. दुसरा कूपर-फ्रेझियरचे हुक आणि किन्शासा १, ५, ८. तिसरा मिल्डनबर्गर, मनिला १३-१४, मेरी कोम, मशाल. एक शेवटचं: जानेवारीत सकाळी ७ ला हॉल बर्फ असतो, बाहेर ९-१० अंश. ४० मिनिटं फरशीवर बसून मग सराव. आणि बऱ्याच मुलांकडे हाताच्या पट्ट्या नाहीत.

---

जुना_कोपरा

क्रम उलटा करा सर. आधी ५० मिनिटं सराव, मग स्वेटर घालून बघणं, आणि बघितलेलं पुढच्या वर्गाला. थंड स्नायूंनी हूक मारला की खांदा आणि पोटऱ्या धरतात. वॉर्मअप १५ मिनिटं: ५ मिनिटं हलकी धाव, ३ मिनिटं दोरीवरच्या उड्या दोनदा, उरलेल्या वेळात खांदे, मनगट, मान. मान ताणायची नाही, हळू फिरवायची.

पट्ट्या: मेनरोडला सुती कापड मिळतं, ५ सेंटिमीटर रुंद, ४.५ मीटर लांब फाडून घ्या, लहान हातांना ३ मीटर पुरतं. औषधाच्या दुकानातलं क्रेप बँडेज नको, ते ताणून बांधलं की बोटं बधिर होतात आणि सैल बांधलं की राउंडभरात सरकतं. बोटं फाकवून बांधायचं: मनगटाला तीन वेढे, मुठीच्या गाठींवर तीन, बोटांच्या मधून एकेक, अंगठ्याला एक, उरलेलं मनगटावर. मूठ वळल्यावर घट्ट आणि उघडल्यावर सैल वाटलं पाहिजे. नखं पांढरी पडली तर सोडून पुन्हा.